ढगातल्या तारा लावणारे बिराजदार सर

वैशाखातलं सोलापूर ज्येनं भोगलंय त्येला येगळं सांगाय नगं. दुपारच्याला डांबर चपलेला धरतंय. कुत्री गटारीत बसून ऱ्हात्यात, हाकलली तरी उटत न्हाईत. असल्या उनात आमचे बिराजदार सर लोकरीचं स्वेटर, कानटोपी आन् हातमोजं घालून बसायचे. वर मलाच म्हनायचे, "मावशी, दार लावा, गारवा जातोय."

पयल्या दिवशी बगितलं तवा माज्या मनात आलं, ह्या मानसाला हीवताप आलाय. म्हनलं, "सर, काडा करून आनू का?"

"ताप नाही ओ मावशी. पेटीत उणे बारा आहे."

"असू द्या की. काडा आनते."

त्यो काडा त्येंनी पिला. पर पियाच्या आदी त्यात काचंची नळी बुडवून बगितली. म्हनले, "एकसष्ट." फुंकर मारली, परत नळी बुडवली. "अठ्ठावन्न." आन् मंग पिले. तवाच मी वळकलं, ह्यो मानूस जरा येगळा हाय.

मी सोजरबाई. आमी मूळचं मंगळवेढ्याच्या पल्याडचं, मेंढरंवालं. येका दुष्काळात मेंढरं गेली, म्होरल्या वरसाला मालक गेलं. मंग सोलापुरात आले आन् टावेलाच्या कारखान्यात बावीस वरसं सुताच्या कांड्या भरल्या. त्यो कारखानाबी बंद पडला. रडत बसाय सवड न्हवती, सकाळी उटून काम हुडकाय लागले. मोहोळच्या रस्त्याला, गावाच्या भायेर, पत्र्याची येक शेड हाय. तितं झाडलोट कराय आन् सरास्नी दुपारची भाकरी द्याय बाई पायजे व्हती. शाळा माजी दुसरी, तीबी अर्दी. पर झाडूला शाळा लागत न्हाय.

शेडीतलं काम काय, तर ढगात सोडायच्या डब्या जुळवायच्या. मला समजलं तसं सांगते. येक मोटा पांडरा फुगा असतोय, त्येच्या खाली येक हलकी डबी. डबीतनं येक तार भायेर आल्याली, माज्या बोटायवडी, केसापरास जराशीच जाड. ती तार सारखी थरथरती. फुगा ढगात गेला की तारंवर बर्फ बसतोय, तार जड व्हती आन् हळू थरथरती. किती हळू झाली ते खाली सरांच्या यंत्रावर दिसतंय. त्यावरनं कळतं, त्या ढगात बर्फ धरायजोगं पानी किती हाय. पाऊस पाडाय इमान घेऊन जात्यात न्हवं, त्या लोकांस्नी त्यो हिशेब लागतोय.

मी इचारलं, "सर, ढगात बर्फ करायजोगं पानी हाय तर त्येचा बर्फ का व्हत न्हाय?"

सर म्हनले, "वरचं पाणी बर्फापेक्षा गार असतं मावशी, पण पाणीच राहतं. टेकायला काही मिळालं नाही म्हणून गोठत नाही. आपली तार दिसली की तिच्यावर येऊन बसतं."

"म्हंजे पावना म्हना की. बाज दिसली की बसला."

सर ह्याच्यावर दोन दिवस हसत व्हते. येकटेच. मदीच हसायचे, मंग कानटोपी वडून गप बसायचे.

तर ही तार ढगात जायच्या आदी नीट लावून घ्यावी लागती. म्हंजे तिच्यावर ठरल्याला भार ठिवायचा आन् थरथर मोजायची. मंग आनि जरा भार, आनि मोजायचं. त्याबिगर वरनं आल्याल्या आकड्याला अर्थ न्हाय. आन् गारव्यात तार कशी वागती ते बगाय ती आडवी पेटी, आइसक्रीमवाल्याकडं असती तसली, पर त्याहून कितीतरी गार. त्यात तार ठिवायची आन् बारीक फवारा मारायचा. त्या पेटीत मुंडकं घालून सर दिस-दिस बसायचे. म्हनून ते स्वेटर.

पेटीचा बोभाटा झाला आन् आमच्या शेडीला पावनं याय लागलं. येक आचारी आला, लग्नातल्या मठ्ठ्याचं चार पिंप ठिवाय. येक बाई डोहाळजेवनाची बासुंदी घिऊन आली. सरांनी सगळ्यास्नी तेच सांगितलं, "आत उणे बारा आहे, तुमच्या मठ्ठ्याची वीट होईल." आचारी म्हनला, "चालंल की, फोडून वाडू." खोटं कशाला बोलू, मीबी येकदा ताकाचा तांब्या गपचीप ठिवला व्हता. तांब्या उलला. सरांनी वहीत लिवून ठिवलं: ताक, किती वाजता गोठलं.

सरांचं ह्येच लई व्हतं. त्येंचा येकच धोशा, "अंदाजे म्हणू नका." मी म्हनलं, भाकरी दोन आनल्यात, तर भाकरी काट्यावर जायची. तारंचा भार मोजाय काचंच्या कपाटात येक काटा व्हता, मानसानं श्वास सोडला तरी हलायचा. त्यात न्हवं, भाकरीला दुसरा. "मावशी, आजची भाकरी कालच्यापेक्षा अकरा ग्रॅमनं जड आहे."

"मंग अकरा ग्रॅम माज्याकडं द्या परत."

आन् खरंच तुकडा मोडून, मोजून, माज्या हातावर ठिवला की!

येकदा सामान आनाय गावात गेले ते कानटोपी काडायची इसरून. भर दुपारी, स्वेटर, कानटोपी. रिक्षावाल्यानं आरशात बगितलं. "क्या चाचा, बुखार चढ्या क्या?" सर मनात कायतरी आकडं मोजत व्हते, हूं म्हनले. त्येनं नेलं की थेट येका दवाखान्यात. डागदरनं काखंत नळी लावली आन् म्हनला, ताप न्हाय. सर म्हनले, "तुमची नळी पाव अंशानं चुकतीय." झालं! तितल्या झाडून सगळ्या नळ्या येका बादलीत बुडवून सर तपासत बसले. संध्याकाळी आले ते लई खुशीत. सामान आनलंच न्हाय.

सर मूळचं अक्कलकोटाकडचं. माज्याशी मराठी, पर तारांशी कानडी. तार पेटीत ठिवताना म्हनायचे, "बा तंगी, बा," म्हंजे ये भैनी, ये. थरथर वाकडी आली की दम द्यायचे, "सुम्न कुंद्र!" गप बस म्हनून. कारखान्यात कानडी कानावर पडल्याली, मला समजायचं. येक दिस ऐकलं तर येका तारंची समजूत काडत व्हते, की बाकीच्या पुढं गेल्या म्हनून वाईट वाटून घेऊ नगं.

तार मोजताना चिडीचूप लागायचं. पंखा बंद. मी झाडू हातात धरून हाय तितं हुभी. मालगाडी कवा जाती ते सरांच्या भितीवर लिवल्यालं. पर शेजारच्या म्हशीला कोन सांगनार? तिला पत्र्याला पाठ घासायची सवय. ती घासाय लागली की तारा बोंबलायच्या. मंग मी भायेर जाऊन म्हस हानायची आन् सर आत डोळं मिटून, "गेली का? किती लांब गेली?"

"लई लांब."

"अंदाजे म्हणू नका मावशी."

"चाळीस पावलं. म्हशीची."

मला त्या कामात घेतलं त्येचं कारन सूत. तारंवर भार म्हनून सर बारीक दोऱ्याचं तुकडं चिकटवायचे, अन् समदं तुकडं सारक्या वजनाचं पायजेत. सरांचं तुकडं काट्यावर येक जड, येक हलका. दोन दिस बगितलं, मंग म्हनलं, "हे दोन जागंचं सूत हाय. ह्यो वीस नंबरी, ह्यो चाळीस." बोटात धरलं की कळतंय, बावीस वरसं तेच केलं. चाळीस नंबरी येकाच कांडीवरनं काडलं, नखावर मापून धा तुकडं कापलं. सरांनी येकेक काट्यावर ठिवलं. धाबी सारकं. सर कितीतरी येळ माज्या नखाकडंच बगत व्हते.

म्हनले, "मावशी, हे मोजलंत कशानं?"

"अंदाजे."

सरांनी पेन काडलं आन् वहीत तेच लिवलं: अंदाजे.

मंग पावसाळा लागला आन् पुन्याच्या कचेरीतल्या मोट्या सायबांचं पत्र आलं, शेड त्येंच्याच हाताखाली. ह्या पावसाळ्यात ढगातनं बर्फाचं नीट आकडं आलं तर ठीक, न्हाईतर शेड बंद. पेटी पुन्याला, डब्या पुन्याला, आन् सर पुन्याला कचेरीत टेबलावर. सरांनी ते पत्र मला वाचून दावलं. माजं नाव त्यात न्हवतं. असायचं कशाला? शेड गेली की झाडू आपोआप गेला.

ढग काय पत्र वाचून येत न्हाईत. जूनमदी आले आन् नुसते पुढं गेले. येक फुगा ढगाच्या कडंनं निसटला. येक सोडतानाच फाटला. येक डबी मोहोळच्या अंगाला शेतात पडली, तर शेतकऱ्यानं ती काटीला बांदून पाखरं हाकलाय हुभी केल्याली. सर आनाय गेले आन् तशेच परत आले. म्हनले, "पाखरं खरंच येत नाहीत तिथं. राहू दे." भादवा सरत आला तवा सा डब्या ऱ्हायल्या व्हत्या, आन् मोट्या सायबांनी कळवलं, सोमवारी मी सोता येतो, माज्यासमोर फुगा सोडा.

आता माजा गुना सांगते.

शनवारी सरांनी साबी तारा लावून, वळीनं टांगून ठिवल्या आन् फुग्याच्या गॅसची टाकी आनाय गेले. भायेर झड लागल्याली, पत्रा गळत व्हता. मी झाडता झाडता बगितलं, साबी तारा उघड्या. माजा जीव ऱ्हाईना. कारखान्यात सुट्टी झाली की उघड्या लोखंडाला तेलाचा हात फिरवायचा, न्हाईतर पावसाळ्यात गंज धरतोय, टावेलावर डाग पडतोय आन् जॉबर, म्हंजे आमचा मुकादम, आयमाय काडतोय. बावीस वरसं हात तसा फिरल्याला. चटनीवर घालाय आनल्याली तेलाची बाटली व्हती, त्यात बोट बुडवलं आन् साबी तारांना अलगद लावलं. लेकीच्या केसाला लावावं तसं. घरी गेले. निवांत झोपले.

सोमवारी मोटे सायेब आले. बूट चिखलानं भरल्यालं, म्हनून तोंड वाकडं. ढग मातूर नामी आला व्हता, काळा, फुगल्याला, दक्षिणंकडनं. सर सोडायच्या आदी तार परत मोजायचे, पर सायेब घड्याळ दावाय लागले. "बिराजदार, ढग जाईल. सहाला माझी गाडी आहे. सोडा."

सोडला. ईस मिंटात फुगा गार पट्ट्यात गेला. सर आकडं वाचाय लागले. गारवा उणे आठ, ढग गच्च. बर्फ? कायबी न्हाय. तार आपली मजेत थरथरती. दुसरा सोडला. तसंच. सायेब म्हनले, "ही डबी आहे का खेळणं?"

सरांनी तिसरी तार घेतली आन् पयल्यांदा तिला हात लावला. बोट घसारलं. बोट नाकाला लावलं. आन् मान वर करून माज्याकडं बगितलं. नुसतं बगितलं. तवा मला उमगलं. तेलावर थेंब धरंलच कसा, घसरून जानार की!

"काय आहे?" सायेब म्हनले.

"तेल लागलंय, सर."

"तेल? कुणी लावलं?"

मी तोंड उघडलं. माज्या आदी सर बोलले, "मी लावलं."

"तुम्ही? कशाला?"

"गंजू नये म्हणून."

"ही तार गंजत नाही, हे मागच्या वर्षी तुम्हीच मला अर्धा तास समजावलंय!"

"विसरलो, सर."

ज्यो मानूस भाकरीतलं अकरा ग्रॅम परत देतोय, त्यो माज्यासमोर धडधडीत खोटं बोलत व्हता. आन् त्येला ते येतबी न्हवतं. कान लाल झालं व्हतं, कानटोपीतनं दिसत व्हतं. मी बादली खाली ठिवली. मेंढरं गेली, मालक गेलं, कारखाना गेला. आता झाडू गेला तर जाईल. आपलं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडाय मी शिकल्याली न्हाय.

"सायेब, ते खोटं बोलत्यात. तेल मी लावलं."

"मावशी, तुम्ही मधे बोलू नका," सर वरडले.

"का नगं बोलू? बोट माजं, तेल माजं."

"तेल माझं होतं!"

"तुमच्या सात पिढ्यांनी तरी तेलाची बाटली आनली व्हती का शेडीत?"

सायेब मदी हुभे, येकदा हिकडं बगत्यात, येकदा तिकडं. "दोघांनी मिळून मला वेडं करायचं ठरवलंय का? बिराजदार, कुठलं तेल लावलंत?"

सर म्हनले, "खोबरेल."

मी म्हनलं, "करडईचं."

सायबांनी बोट तारंवर फिरवलं, हुंगलं आन् सरळ जिभंला लावलं. "करडई," म्हनले. "आमच्या घरी हेच असतं." आन् सरांकडं बगून म्हनले, "बारा वर्षांत एक आकडा चुकला नाही तुमचा. खोटं बोलायला तेल तरी बरोबर निवडायचं."

सर जमिनीकडं बगत व्हते. मी भायेर बगितलं. ढग अजून हुभा व्हता. म्हनलं, "भांडान मंग करा. त्यो काय थांबनार हाय व्हय?"

मंग जी पळापळ झाली! सरांनी येक तार इस्पिरिटनं धुतली, पाच डाव धुतली. पर धुतली की परत लावाय पायजे. मी कांडी घेतली, नखावर सूत कापाय लागले. पंखा बंद, श्वास बंद. आन् पत्र्यावर घर्र घर्र. म्हस!

माजं हात सुतात आडाकल्यालं, सरांचं तारंत. सर डोळं न उचलता म्हनले, "सर, जरा म्हैस..."

आन् पुन्याचे मोटे सायेब, तसल्या चिखलात, छत्री घिऊन म्हस हानाय गेले. आमाला आतनं ऐकू येत व्हतं, "ए, जा! जा ना! अहो, जा!" म्हशीला अहो म्हननारा मानूस मी जलमात दुसरा बगितला न्हाय. सरांचं खांदं हलत व्हतं, पर हात हलला न्हाय.

फुगा सुटला तवा पाच वाजल्यालं. सायेब छत्रीसकट ओलं, सरांच्या मागं हुभे. सर आकडं वाचत व्हते. उणे चार. उणे सा. मंग तार हळू झाली. जराशी. आनि हळू. सर वाचायचे थांबले. सायबांनी वाकून बगितलं आन् सोताच मोट्यानं वाचाय लागले. बर्फ बसत व्हता, वर, आमच्या डोक्यावर, माज्या नखावर मापल्याल्या तारंवर. सर हळूच म्हनले, "बा तंगी."

जाताना सायेब म्हनले, "पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेड राहू दे. आणि बाई, तेल चटणीवर."

"व्हय सायेब."

गाडी गेली. सर इस्पिरिट घिऊन बाकीच्या तारा पुसाय बसले. मी बादली उचलली, परत खाली ठिवली. इचारल्याबिगर ऱ्हाववंना.

"सर, का बोललाव खोटं?"

तार पुसत ऱ्हायले. मंग म्हनले, "त्यांनी तुम्हाला काढलं असतं."

"काडलं असतं तर दुसरी बाई आली असती. झाडायला काय लागतंय?"

"तिला स्वेटर समजावून सांगावं लागलं असतं."

"त्येला काय? येक दिवसाचं काम."

सरांनी तार उजेडात धरली, फिरवून बगितली. "मावशी, रविवारी तुम्ही येत नाही."

"सुट्टी असती की."

"हो. रविवारी मी कुणाशीच बोलत नाही. सोमवारी तुम्ही आलात की पहिला शब्द धड निघत नाही, घसा खाकरावा लागतो. तुमच्या लक्षात आलं नसेल."

"तारांशी बोलताव न्हवं दिसभर?"

"त्या आकडे देतात," सर म्हनले आन् दुसरी तार घेतली.

मला तसलं बोलाय येत न्हाय. बादली घासली, पालथी घातली, घरी गेले.

म्होरल्या आयतवारी धाच्या सुमाराला मी शेडीवर गेले. दार ढकललं तर सर खुर्चीवर बसल्यालं, म्होरं वही, पेन बंद. मला बगून हुभेच ऱ्हायले.

मी म्हनलं, "झाडायचं ऱ्हायलंय."

शनवारी संध्याकाळी मी समदी शेड झाडल्याली, पुसल्याली, सरांच्या समोर. फरशी लख्ख व्हती. सरांनी फरशीकडं बगितलं, माज्याकडं बगितलं, घसा खाकरला. मंग खुर्चीत बसले आन् मला झाडाय यावं म्हनून दोनी पाय वर उचलून धरले.